आठ पतंगांचं आकाश

व्हिडिओ गेमची कॅसेट उघडली तर आत जवळजवळ काहीच नव्हतं. बाहेर पिवळं पडलेलं लेबल, त्यावर '९९९९९९९ इन १' अशी फुशारकी, आणि आत काडेपेटीएवढी हिरवी पट्टी. पट्टीच्या मधोमध डांबराचा थेंब वाळावा तसा एक काळा गोळा. चिप त्या गोळ्याखाली कायमची गाडलेली, म्हणजे ती काढून दुसरी बसवायची सोयच नाही. भाची म्हणाली, "मामा, एवढ्याशासाठी तुम्ही भावंडं मारामाऱ्या करायचात?"

करायचो. दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या माळ्यावर ती कॅसेट खुपसायचा गेमचा खोका पंचवीस वर्षं पडून होता, जुन्या समया आणि पितळी डब्यांच्या शेजारी. दिवाळीच्या आवराआवरीत हाती लागला. नव्वदच्या दशकात बडोद्यात मराठ्याच्या घरी जा, गुजरात्याच्या जा, सिंध्याच्या जा, टीव्हीखाली हाच खोका. कुणाकडे 'मीडिया', कुणाकडे 'लिटल मास्टर'. ज्याच्याकडे नसे तो रावपुऱ्यातल्या एका बोळात तासाला पाच रुपये मोजून खेळे. कॅसेट चालेनाशी झाली की काढून फुंकर मारायची, परत खुपसायची. नावं निराळी असली तरी आतलं यंत्र एकच: निन्टेन्डोने जुलै १९८३ मध्ये जपानात आणलेल्या फॅमिकॉमची नक्कल. गेमही नकलेचे. त्या नव्व्याण्णव लाखांतले खरोखर वेगळे दहा-वीस निघायचे, बाकी तेच गेम नाव बदलून पुन्हा पुन्हा.

ते कुणी लिहिले असतील, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. पाऊस कुणी पाडला हे जसं विचारत नाहीत तसंच. आणि आपणही त्यावर एखादा लिहू शकतो, हे तर स्वप्नातही आलं नाही.

आज तो लिहिता येतो. जगभर लोक लिहीत आहेत. माझं म्हणणं असं की आपल्या कॉलेजांनी हे काम हौशी मंडळींचा विरंगुळा म्हणून सोडून देऊ नये. संगणक शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने मोठ्या साधनांना हात लावण्याआधी अशा एका मेलेल्या यंत्रासाठी एक जिवंत गेम पूर्ण करावा, आणि आपल्याकडे तो मराठीत करावा. पहिली अट ऐकून लोक हसतात, दुसरी ऐकून गप्प होतात. दोन्हींबद्दल सांगतो.

बाहेर हे किती पुढे गेलंय ते आधी. अटारी २६०० हे यंत्र १९७७ चं, त्याची कामाची स्मृती सगळी मिळून १२८ बाइट. त्यासाठी घरी बसून नवे गेम लिहिण्याची सुरुवात १९९५ च्या सुमारास झाली आणि ती अजून थांबलेली नाही. सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या यंत्रासाठी 'टँगलवुड' २०१८ मध्ये आला, 'झेनो क्रायसिस' २०१९ मध्ये. त्याच २०१९ मध्ये मॉर्फकॅट गेम्स या छोट्या जर्मन चमूने फॅमिकॉमच्या घराण्यासाठी 'मायक्रो मेजेस' काढला. चौघांनी एकदम खेळायचा गेम, आणि चित्रं, संगीत, सगळे टप्पे धरून वजन ४० किलोबाइट. आत्याबाईंकडून रोज सकाळी येणारं सूर्योदयाचं 'शुभ प्रभात' याहून जड असतं. निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या गेम बॉयसाठी तर २०१९ पासून 'जीबी स्टुडिओ' नावाचं फुकट साधन आहे. त्यात चित्रं मांडून, घटना जोडून, कोडची एक ओळही न लिहिता खराखुरा चालणारा गेम होतो. शाळेतल्या मुलांसाठी ते उत्तम आहे. मला मात्र इथे जरा अवघड वाट हवी आहे, कारण माझा रोख खेळापेक्षा शिकण्यावर आहे.

माझी भाची इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला पायथन येतं, मोठी गेम इंजिनं येतात, कुठल्याशा एआय मॉडेलला चार वाक्यांत काम सांगून ॲप करून घेता येतं. यंत्राच्या आत काय चालतं हे मात्र तिला येत नव्हतं. त्यात तिचा दोष नाही. आजचा फोन घ्या, नाहीतर लॅपटॉप. तो आरपार कळलेला माणूस जगात कुठे नसेल. प्रत्येकाला आपापला मजला ठाऊक, बाकीची इमारत विश्वासावर उभी. फॅमिकॉमची गोष्ट निराळी आहे. त्याचा प्रोसेसर १९७५ च्या ६५०२ चा भाऊबंद, एकूण ५६ आज्ञा. कामाची स्मृती २ किलोबाइट. पडदा २५६ बाय २४०. एका वेळी पडद्यावर जास्तीत जास्त २५ रंग. आवाजाच्या पाच वाटा. संपलं. हे सगळं एका माणसाच्या डोक्यात एका हिवाळ्यात मावतं, आणि एकदा मावलं की संगणकाबद्दलची ती गूढ भीती कायमची जाते. असं पूर्ण कळू शकणारं दुसरं यंत्र आज मुलांच्या हाती लागतं कुठे?

गेम कशाचा, यावर घरात वाद झाला नाही. बडोद्यात नोव्हेंबर लागला की मुलांच्या डोक्यात एकच विषय असतो: उत्तरायण. चौदा जानेवारीला सगळं शहर गच्चीवर. आम्ही मराठी लोकसुद्धा इथे गच्चीला अगाशी म्हणतो. मांजा, फिरकी, 'लपेट'चा गजर, आणि पलीकडच्याचा पतंग गेला की 'काप्यो छे!' ठरलं: पडद्यावर आकाश, खाली आपली गच्ची, समोरून येणारे पतंग, कापला की दहा गुण.

पहिल्या आठवड्यातच आकाशाने अट घातली. या यंत्राला पडद्यावर ६४ हलती चित्रं ठेवता येतात, पण एका आडव्या ओळीत फक्त आठ. नववं आलं की यंत्र ते काढतच नाही. भांडण नाही, चूक झाल्याचा संदेश नाही, नुसतं गायब. आणि पतंगांचं तर असं की वारा एका उंचीवर चांगला लागला की सगळे त्याच उंचीवर जमतात. भाचीने नऊ पतंग एका रेषेत आणले, नववा नाहीसा झाला. तिने दोन तास आपल्या कोडमध्ये चूक शोधली. चूक नव्हतीच.

मग मला लहानपणचं एक कोडं सुटलं. गेममध्ये शत्रूंची गर्दी झाली की सगळे लुकलुकायला लागत. आम्ही म्हणायचो, ॲडॉप्टर तापला, बंद कर. तापला नव्हता. त्या वेळच्या प्रोग्रामरने मुद्दाम पाळी लावली होती: या क्षणी नववा गाळायचा, पुढच्या क्षणी पहिला गाळायचा, त्यापुढे दुसरा. म्हणजे कुणीच पूर्ण गायब नाही, सगळे थोडे थोडे लुकलुकतात. नळाला पाणी कमी असताना वाड्यात पाळ्या लावतात तसं. भाचीने तशीच पाळी लावली. पतंग लुकलुकायला लागले आणि गंमत म्हणजे ते उन्हात चमकणाऱ्या पतंगांसारखे दिसले. तोवर तिने फाइन आर्ट्समधल्या मैत्रिणीकडून सोळा टिकल्या, म्हणजे पिक्सेल, रुंदीचे देखणे पतंग काढून घेतले होते. ते अर्थात रद्द झाले, कारण सोळाचा पतंग दोन जागा खातो आणि मग आकाशात चारच मावतात. मैत्रीण दोन दिवस रुसली. मग आठ बाय आठच्या चौकटीत तीन रंगांत तिने जे पतंग काढले ते पहिल्यांपेक्षा चांगले होते. हे मी 'मर्यादेतून कला फुलते' वगैरे म्हणण्यासाठी सांगत नाही. मर्यादेतून बहुतेक वेळा चिडचिडच होते. पण कोणती मर्यादा यंत्राची आणि कोणती आपल्या आळसाची, हे ओळखायला ती मुलगी शिकली. जिथे स्मृती संपली की जास्तीची विकत घेतात, तिथे ही ओळख पटायची वेळच येत नाही.

सगळ्यात जास्त शिकवलं ते गुणफलकाने.

या प्रोसेसरला गुणाकार येत नाही, भागाकार येत नाही. येते ती बेरीज-वजाबाकी. म्हणजे ३४० हा आकडा पडद्यावर दाखवायचा तर दहाने भागून अंक सुटे करणं महागात पडतं. एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत यंत्राला आतल्या घड्याळाचे तीस-पस्तीस हजार ठोके मिळतात, त्यात सगळं उरकायचं. म्हणून जुनी माणसं गुण एका आकड्यात ठेवतच नसत. एकं वेगळे, दहं वेगळे, शतक वेगळं. नवाच्या पुढे गेलं की शून्य करायचं आणि शेजारच्या घरात एक द्यायचा. भाची हे वाचून म्हणाली, "अरे, हा तर हातचा!"

हातचाच. इंग्रजीत त्याला कॅरी म्हणतात, आणि ६५०२ मध्ये त्यासाठी एका बिटाची स्वतंत्र जागा आहे. हा प्रोसेसर जरा हट्टी. त्याला नुसती बेरीज ठाऊकच नाही. तो प्रत्येक बेरजेत आधीचा हातचा मिळवतो, तुम्हाला हवा असो वा नसो. नको असेल तर बेरजेआधी तो पुसायची आज्ञा तुम्ही द्यायची. ती राहिली की घोटाळा.

राहिली. खेळताना बहुतेक वेळा पतंग कापला की दहा गुण मिळत, पण कधी कधी वीस. भाची चार दिवस या चुकीच्या मागे लागली होती. शेवटी लक्षात आलं की वीस तेव्हाच मिळतात जेव्हा आपला पतंग समोरच्याच्या उजवीकडे असतो. उजव्या बाजूचा आणि गुणांचा काय संबंध? संबंध असा: दोन पतंगांची जागा ताडून पाहताना यंत्र आतल्या आत वजाबाकी करतं, आणि पहिला आकडा मोठा किंवा बरोबरीचा असला की हातच्याच्या जागी एक ठेवून जातं. तो एक तिथेच पडून. पुढे दहं वाढवायला गेलो तर तोही मिसळला. एक ओळ घातली, हातचा पुसला, गुण सरळ झाले.

दुसरीत बाई फळ्यावर शिकवतात तो हातचा यंत्रात नेमका कुठे बसतो, हे त्या मुलीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तीन सेमिस्टर तिने 'कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन'च्या नावाखाली हेच सगळं परीक्षेपुरतं घोकलं होतं आणि तिला चांगले मार्कही पडले होते. मी कुणा शिक्षकाला नावं ठेवत नाही. पण ज्या यंत्रावर काही घडताना दिसत नाही त्याच्या आकृत्या काढून हे कळत नाही, एवढं मी त्या चार दिवसांनंतर ठामपणे म्हणू शकतो.

आता मराठी. इथे लोक गप्प का होतात ते मला कळतं. गेम म्हटला की 'स्टार्ट' आणि 'गेम ओव्हर' इंग्रजीतच असायचे, ही आपली समजूत इतकी मुरलेली आहे की 'खेळ संपला' पडद्यावर वाचून माझ्या बहिणीला हसू आलं. पण ते लिहिणं सोपं नव्हतं. या यंत्राची पार्श्वभूमी आठ बाय आठ टिकल्यांच्या चौकोनी तुकड्यांनी, म्हणजे टाइल्सनी, भरलेली असते, आणि साध्या कॅसेटमध्ये अशा टाइल्स २५६. त्यातच गच्च्या, ढग, सुरसागर तलावाचं पाणी आणि मधला शंकराचा पुतळा, आणि त्यातच अक्षरं. इंग्रजी भाग्यवान: २६ मोठी अक्षरं, १० अंक, ३६ टाइल्समध्ये संसार. आपल्याला शिरोरेषा हवी, तिच्यावर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, आणि जोडाक्षरांची वरात. आठ टिकल्यांच्या उंचीत हे बसत नाही. सोळाची उंची घ्यावी तर प्रत्येक अक्षराला दोन टाइल्स.

पूर्वीच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांपुढे हाच पेच होता, आणि त्यांनी अक्षरं फोडली होती. आम्हीही फोडली. ग, त, प, म, स, श, ण यांत उभा दंड समान आहे. दंडाची एक टाइल केली की ती काना म्हणूनही चालते, आणि दंड काढला की आपोआप अर्धं अक्षर हातात. 'स' उघडला की 'स्व'मधला 'स्' फुकट. शिरोरेषा तर टाइल्ससाठीच जन्माला आल्यासारखी: एकीची रेघ दुसरीला आपोआप जोडली जाते, सांधा दिसतच नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे येते, तर तीही वेगळी टाइल, फक्त मांडताना आधी. 'क', 'र', 'ट' मात्र हट्टी, त्यांना कुणाशीच वाटून घेता येत नाही. गेममध्ये जेवढे शब्द येणार तेवढ्यांचीच यादी केली आणि ९२ टाइल्समध्ये सगळी मराठी बसली. 'क्ष' बसत नव्हता. 'लक्ष' हा शब्द होता, त्याच्या जागी 'नेम' घातला. खरं तर तो जास्त चांगला शब्द आहे.

आपल्या लिपीची रचना मी पन्नाशीला आल्यावर पहिल्यांदा अशी बारकाईने पाहिली. शाळेत अक्षर सुधारा म्हणून हातावर पट्ट्या खाल्ल्या, तेव्हा दंडाचं हे गणित कुणी सांगितलं नव्हतं. भाषा टिकवायच्या गप्पा आपण बृहन्महाराष्ट्रातले लोक फार करतो. २०१८ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे बडोद्यात झालं, तेव्हाही मांडवातल्या गप्पा त्याच होत्या. भाषेला नव्या वस्तूत राबवलं तर तिचा कस लागतो, हे मला त्या गप्पांपेक्षा या ९२ टाइल्सनी जास्त पटवलं.

आक्षेप बरेच ऐकले. एका कॉलेजात मी हा विषय पंधरा दिवसांची कार्यशाळा म्हणून घेऊन गेलो होतो. समोरच्या गृहस्थांनी चहा दिला, ऐकून घेतलं आणि विचारलं, "प्लेसमेंटला याचा काय उपयोग?" प्रश्न रास्त आहे. मुलांच्या आईबापांनी कर्ज काढून फी भरलेली असते. पण याच प्रश्नाला सरकारी उत्तर आधीच आहे. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रासाठी टास्क फोर्स जाहीर झाला, यात तरुणांना रोजगार आहे म्हणून. तिथे नुसतं इंजिनावर माउस फिरवणारे पुष्कळ मिळतील. ठोके मोजणारा, बाइट वाचवणारा माणूस मोटारीतल्या कंट्रोलरपासून इन्सुलिन पंपापर्यंत सगळीकडे लागतो, कारण तिथली यंत्रंही लहानच असतात. फॅमिकॉमवर शिकलेला मुलगा तिथे परका नसतो. तरीही मी त्या गृहस्थांना खोटी हमी दिली नाही. आता वाटतं, द्यायला हवी होती का?

दुसरा आक्षेप गेम या शब्दावरच आहे. गेली काही वर्षं 'पोरगा गेम खेळतो' म्हटलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो, कारण गेम म्हणजे फोनवर पैसे लावणं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेला पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा करावा लागला, इतकं ते चिघळलं. पैशाचे नसलेले खेळही साधे नाहीत. रोज हजेरी लावा, नाहीतर नुकसान. थांबलात तर आठवण. जिंकायचं तर रत्नं विकत घ्या. कॅसेटमधल्या गेमला यातलं काही जमतच नाही. त्याला नेट नाही, पाकीट नाही, तुम्ही कोण हे ठाऊक नाही. कॅसेट काढली की तो तुम्हाला विसरतो. बनवणाऱ्यालाही तो एकदा पूर्ण करूनच द्यावा लागतो. 'पुढच्या अपडेटमध्ये बघू' ही पळवाट चिपमध्ये नाही. लहान मुलांच्या हाती द्यायचा खेळ असा असावा, असं मला वाटतं, आणि यात माझा म्हातारपणाचा हेका किती ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

तिसरा आक्षेप कायद्याचा: ही चोरी नाही का? जुने गेम उतरवून घेणं ही चोरीच आहे, आणि आमचं बालपण त्यावरच गेलं, हे मी लपवत नाही. नवा गेम लिहिणं निराळं. अमेरिकेत सेगा विरुद्ध अकोलेड या खटल्यात १९९२ साली अपील न्यायालयाने म्हटलं की आपला स्वतंत्र गेम यंत्राशी जुळावा, एवढी माहिती काढण्यासाठी दुसऱ्याचा प्रोग्राम उलगडून पाहणं हा रास्त वापर ठरू शकतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमातही, सहज न मिळणारी अशी माहिती मिळवण्यासाठी केलेल्या कामाला सूट आहे. यंत्र चाळिशी ओलांडून गेलंय, त्याच्या मूळ पेटंटांची मुदत केव्हाच सरली. फक्त कंपनीचं नाव आणि तिचा मिशीवाला प्लंबर वापरू नका म्हणजे झालं. तसंही, बडोद्याच्या गच्चीवर त्याचं काय काम?

माझी स्वतःची तक्रार मात्र या चळवळीतल्याच एका खोडीबद्दल आहे. परदेशात नवे गेम पन्नास-साठ डॉलरच्या देखण्या डब्यांत निघतात, मर्यादित प्रती, आणि घेणारे पुष्कळसे लोक वरचं प्लॅस्टिकही फाडत नाहीत. कपाटात उभे करतात. न खेळलेला गेम म्हणजे मुरंब्याची न उघडलेली बरणी, मिरवायला छान. आपल्याकडे हे आलं तर ते पैसेवाल्यांचं खेळणं होईल आणि संपेल. म्हणून ही गोष्ट कॉलेजात आणि ग्रंथालयात हवी, दुकानाच्या काचेआड नको.

ग्रंथालय म्हटलं की बडोदेकराची छाती थोडी फुगतेच. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला इथे आणलं, काचेच्या जमिनीचे मजले असलेलं मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, आणि जिथे इमारत नव्हती त्या गावांत पुस्तकांच्या पेट्या फिरल्या. त्याआधी १८९० मध्ये कलाभवन निघालं होतं, हाताला यंत्र आणि यंत्राला देशी डोकं मिळावं म्हणून. दादासाहेब फाळके काही काळ तिथेच शिकले. पुढे १९१२ मध्ये त्यांनी लंडनहून कॅमेरा आणला आणि वर्षभरात त्यातून हरिश्चंद्राची गोष्ट काढली. तुलना फार ताणत नाही. फाळक्यांनी घरदार पणाला लावलं होतं आणि आम्ही जेमतेम दोन हजार रुपये. पण परक्याचं यंत्र घ्यावं, ते पुरतं उघडून समजून घ्यावं आणि त्यातून आपली गोष्ट सांगावी, हा या गावचा जुना अभ्यासक्रम आहे. मी नवं काही मागत नाही. एका सेमिस्टरला ४० किलोबाइटचा एक गेम, पडद्यावर मराठी किंवा गुजराती, आणि झालेल्या प्रत्येक गेमची एक कॅसेट ग्रंथालयात, यंत्रासकट, कुणीही बसून खेळावं अशी. पुस्तकाच्या पेटीशेजारी एक पेटी हिचीही.

आमच्या कॅसेटचं म्हणाल तर ती शेवटी झाली. मंगळ बाजारातून आणलेल्या जुन्या कॅसेटांपैकी एकीत काळा गोळा नव्हता, सुट्या चिपा होत्या. आमच्या गल्लीतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांनी त्या उपटल्या आणि जागी आमचा गेम भरलेल्या, काचेची खिडकी असलेल्या दोन ईप्रॉम चिपा बसवल्या, एक-दोन पाय वाकवून तारेने वळवले. या चिपा पुसायच्या तर अतिनील दिव्याखाली वीसेक मिनिटं ठेवतात. काकांकडे तो दिवा चपलांच्या खोक्यात बसवलेला आहे. पहिल्यांदा लावली तर पतंग मंद चालले. लॅपटॉपवर सेकंदाला ६० चित्रं धरून वेग बेतला होता आणि आपल्या टीव्हीचं गणित ५० चं. पुसा, परत भरा. काका एवढंच म्हणाले, "आम्ही जन्मभर हे खोके दुरुस्त केले, पण यात आपलं काही घालता येतं हे कुणी बोललंच नाही."

चौदा तारखेला दुपारी वारा पडला. उत्तरायणात वारा पडला की पोरं अनाथ होतात. जिन्याच्या खोलीत काकांनीच दिलेला जुना डबा टीव्ही लावला होता, तिथे गर्दी झाली. उंधियुच्या बशा, तेलकट बोटं, दोन रिमोट आणि सात मुलं. आठ बाय आठचे पतंग लुकलुकत होते आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. शेजारच्या घरातल्या नऊ वर्षांच्या मुलाने तीन डाव खेळले, 'खेळ संपला'कडे बोट दाखवलं आणि भाचीला विचारलं, "दीदी, आ गुजरातीमां नथी?"

ती म्हणाली, नाही. मग क्षणभर थांबून तिने माझ्या हातातला पेन घेतला आणि फिरकीच्या पुठ्ठ्यावर अक्षरं काढायला बसली. गुजरातीला शिरोरेषा नाही. म्हणजे वरची एक ओळ मोकळी. म्हणजे काही अक्षरं कदाचित एकाच टाइलमध्ये. "मामा," ती मान वर न करता म्हणाली, "आपल्याकडे मोकळ्या टाइल्स किती उरल्यात?"

एकोणीस होत्या.